कापलेले कान कोणाचे?

इंग्लंडमधील प्युरिटनांचा विषय निघाला की आपल्या कॅथॉलिक मंडळींत एक ठरावीक हसू उमटते. प्रॉटेस्टंट प्रॉटेस्टंटांशी भांडले, त्यात आपले काय गेले? हा प्रश्नच आम्हांला मान्य नाही.

१६०३ साली पहिला जेम्स गादीवर येताच प्युरिटन धर्मोपदेशकांनी त्याला अर्ज केला. बाप्तिस्म्यात क्रूसाची खूण नको, लग्नात अंगठी नको, उपासनेत पांढऱ्या झग्याची सक्ती नको. उपदेश करू शकणारे सुशिक्षित धर्मगुरू मात्र हवेत. पहिल्या तीन मागण्या आम्हांला रुचणार नाहीत. चौथीवर आम्ही आजही सही करू. जानेवारी १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्ट येथे परिषद भरली. तेथे राजाला शुभवर्तमानाची चिंता नव्हती; बिशप गेले तर राजाही जाईल, एवढाच त्याचा हिशेब होता. त्याच वर्षीच्या नियमावलीला संमती न देणाऱ्या अनेकांची धर्मपदे गेली. सिंहासनाच्या सावलीत उभ्या असलेल्या बिशपांना ही व्यवस्था गोड वाटली. (सणाच्या मिस्सेला पुढाऱ्यासाठी वेदीजवळ खुर्ची मांडण्याची आपली घाई त्याच गोडीची आहे.)

जेम्सचा मुलगा पहिला चार्ल्स. त्याच्या अमदानीत, १६३७ साली, प्रिन हा वकील, बर्टन हा धर्मोपदेशक व बास्टविक हा वैद्य यांचे कान भर लोकांत कापले गेले. अपराध काय, तर बिशपांविरुद्ध लिहिले. प्रिनचे कान १६३४ सालीच छाटले होते. या वेळी उरलेले खुंटही काढले आणि गालांवर अक्षरे डागली.

हा सुरा आपल्या ओळखीचा आहे. एडमंड कँपियन १५८१ साली टायबर्नला फासावर गेले ते याच न्यायाने. श्रद्धेला राजद्रोह म्हटले की न्यायाधीशाचे काम सोपे होते. आपले फादर स्टीफन्स याच इंग्लंडचे. कॅथॉलिक धर्मगुरू म्हणून मायदेशी उघडपणे राहणे अशक्य, तेव्हा रोममध्ये येशूसंघात शिरून ते १५७९ साली गोव्यास आले. १६१६ साली क्रिस्तपुराण छापले गेले त्या वेळी लंडनच्या गादीवर तोच जेम्स होता.

मग प्युरिटनांना संत ठरवावे काय? मुळीच नाही. संसदेत त्यांचा जोर होताच १६४१ साली अँब्रोज बार्लो या बेनेडिक्टिन धर्मगुरूंना लँकॅस्टर येथे फाशी झाली. १६४७ साली नाताळच बंद केला. अमेरिकेत बोस्टनला त्यांच्याच पंथबंधूंनी १६६० साली मेरी डायर या क्वेकर बाईला फासावर चढविले. कापलेल्या कानांनी काहीच ऐकले नव्हते.

येथे टाळ्या पिटणाऱ्यांनी हात आवरावेत. फादर स्टीफन्स ज्या गोव्यात ओव्या रचीत होते, तेथेच इन्क्विझिशनचे न्यायासन पोर्तुगीज राजाच्या आधाराने चालू होते. १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षे वगळता, ते आपल्याच नावाने चालले. धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये, हे ख्रिस्तसभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्वच्छ शब्दांत जाहीर केले ते ७ डिसेंबर १९६५ रोजी. प्रिनच्या कानांना तोवर तीनशे अठ्ठावीस वर्षे झाली होती.