सहा रुपयांचे गाणे कुठे मिळेल?

गाणी फुकट मिळत असताना विकत कोण घेणार, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो. माझा प्रश्न उलटा आहे. एखाद्याला प्रामाणिकपणे पैसे देऊन गाणे घ्यायचे असेल, तर त्याने जायचे कुठे?

जळगाव-धुळ्यात कॅसेटचा जमाना संपला आणि मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घेण्याचा जमाना आला. वीस-तीस रुपयांत शेकडो गाणी. हे फुकट नव्हते. आपण पैसे देतच होतो. फक्त ते दुकानदाराच्या गल्ल्यात थांबत होते. ज्याने गायले, ज्याने लिहिले, ज्याने चाल बांधली, त्यांच्यापर्यंत त्यातला एक पैसाही जात नव्हता.

फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लिपकार्टने 'फ्लाइट' नावाचे गाण्यांचे दुकान इंटरनेटवर उघडले. सहा रुपयांपासून एक गाणे. पैसे दिले की एमपीथ्री फाइल आपली, कायमची. जून २०१३ मध्ये हे दुकान बंद झाले. कंपनीने जी कारणे सांगितली, त्यात दोन मुख्य होती: गाण्यांची चोरी, आणि छोटी रक्कम ऑनलाइन देण्याची सोपी सोय नसणे. तेव्हा हे खरेच होते. सहा रुपयांसाठी कार्डाचे आकडे कोण टाकत बसणार?

पण २०१६ मध्ये यूपीआय आले. आज चहाच्या टपरीवर दहा रुपये कोड स्कॅन करून दिले जातात. म्हणजे दुकान होते तेव्हा पैसे देण्याची सोय नव्हती. आता सोय आहे, तर दुकान नाही. ॲपलचे आयट्यून्स २०१२ च्या डिसेंबरात भारतात आले, पण अँड्रॉइड फोनवरून तिथे खरेदी करता येत नाही, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइडच आहे. गूगल प्ले म्युझिकवर गाणी विकत मिळत होती. तेही २०२० मध्ये बंद झाले.

उरले ते भाड्याचे घर. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आले तेव्हा दर महिना ११९ रुपये होता, म्हणजे वर्षाचे १,४२८. रोज ऐकणाऱ्याला हे महाग नाही, हे मान्य. पण महिन्याला चार-पाच आवडती गाणी ऐकणाऱ्या हमालाने, शिवणकाम करणाऱ्या बाईने एवढे का द्यावेत? शिवाय पैसे थांबले की 'डाउनलोड' केलेली गाणीही बंद. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून निघून गेली. करार कंपन्यांचा तुटला, गाणी ऐकणाऱ्याची गेली. २०२४ मध्ये विंक म्युझिकने गाशा गुंडाळला.

आता आवाजाचे बोलू. पाच मिनिटांचे गाणे सीडीच्या दर्जात सुमारे ५३ एमबी असते. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत तेच १२ एमबी होते, आणि १२८ मध्ये पाचपेक्षाही कमी. जागा वाचते ती आवाजातले बारकावे काढून टाकून, आणि एकदा गेलेला बारकावा परत येत नाही. म्हणून १२८ ची फाइल ३२० करून दिली तर आकडा वाढतो, आवाज नाही. झेरॉक्सची झेरॉक्स चांगल्या कागदावर काढली म्हणून अक्षर सुधारत नाही, तसेच हे. कव्वालीत हे लगेच कळते: टाळ्या ठणठणीत वाजण्याऐवजी फसफसतात.

मी उर्दू शिकवतो, म्हणून मला हे जास्त टोचते. मुलांचा तलफ्फुज सुधारायला बेगम अख्तर यांच्या गझलेसारखा उस्ताद नाही. पण श, स, ज़, ख़ यांतला फरक आवाजाच्या वरच्या, बारीक भागात असतो आणि दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये नेमका तोच आधी पुसला जातो. मुले मग जे ऐकतात तेच म्हणतात.

२०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी आवाज उठवला होता. कायद्याने हक्क दिला, पण ग्राहकाला तो चुकता करण्याची साधी खिडकी कुणी ठेवली नाही. आपल्यात हक्कुल इबादवर भरपूर तकरीरी होतात. कुणाच्या मेहनतीची नक्कल मारणे हाही त्याच हक्काचा प्रश्न आहे, मग ती गझल असो, नात असो की अहिराणी गाणे.

माझी मागणी छोटी आहे. संगीत कंपन्यांनी पाच-दहा रुपयांत, यूपीआयवर, चांगल्या दर्जाची फाइल विकावी. सोबत गीतकार-संगीतकारांची नावे द्यावीत. त्या उघडेपर्यंत आपल्या अहिराणी कलावंतांनी वाट पाहू नये. लग्नाच्या मांडवात, यात्रेत कार्यक्रम असेल तिथे कोड लावा, दहा रुपये घ्या आणि मूळ स्वच्छ फाइल थेट फोनवर पाठवा. सगळे देणार नाहीत. पण जे देऊ इच्छितात, त्यांना आज तुम्ही रिकाम्या हाताने परत पाठवता आहात.