काकांची पद्मिनी आणि चोवीस दिवे

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादकांना पकडा, मला नको. विषय मात्र माझा आहे आणि त्यात मी हात पोळून घेतलाय, अगदी खरोखर.

आपल्या हॉस्टेलवर गाडीच्या आतल्या लाइटिंगचा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, ‘काय भारी दिसतं!’ दुसरी म्हणते, ‘काय रिक्षा करून ठेवलीय!’ मी अगदी काल-परवापर्यंत दुसऱ्या पार्टीत होते. कल्याण स्टेशनबाहेरच्या रिक्षांमध्ये निळे-जांभळे दिवे आणि ढॅणढॅण स्पीकर बघून नाक मुरडायचे. आता मी कुठल्याच पार्टीत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचं घर मोहन्याला. कल्याणहून कसारा लोकल पकडली की शहाड आणि मग आंबिवली, तिथे उतरायचं. मोहने म्हटलं की जुन्या माणसांना एकच गोष्ट आठवते, एनआरसी, म्हणजे रेयॉनची कंपनी. २००९ मध्ये ती बंद झाली. माझे काका तिथे इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. त्यांच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. सेकंडहँड घेतलेली, पण जीव की प्राण. दर रविवारी पुसणार, महिन्यातून एकदा टिटवाळ्याच्या गणपतीला नेणार, पासिंगची तारीख पंचांगापेक्षा पक्की लक्षात ठेवणार.

आपल्या पिढीला पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी एवढंच माहीत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी, मूळची इटलीची फियाट ११००, इंजिन १०८९ सीसी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या रस्त्यावरून गेल्या. त्या दिवशी काकांनी टीव्हीवरची बातमी बघितली आणि काही न बोलता खाली जाऊन गाडी पुसली. रविवार नव्हता.

मागच्या वर्षी काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, पण रात्री आतलं काही धड दिसेना. पद्मिनीच्या मीटरचा दिवा म्हणजे देवघरातली समई. दाराचं हँडल, काच वर-खाली करायचा दांडा, वायपरचं बटण, सगळं चाचपडत. एकदा काकू म्हणाली, ‘‘आता विकून टाका.’’ काका काहीच बोलले नाहीत. मी म्हणाले, ‘‘काका, मी आतून दिवे लावून देते.’’ ते म्हणाले, ‘‘अगं, तुझ्या इंजिनिअरिंगला दोन वर्षं झाली, अजून घरातला पंखा तरी दुरुस्त केलास का?’’

बोचलं. कारण खरं होतं. आपण नेटवर्क अ‍ॅनालिसिसचे तीस सम्स सोडवतो, जर्नल कम्प्लीट करतो (कोणाचं बघून, ते सरांनाही माहीत आहे), पण हातात स्क्रूड्रायव्हर आला की तोच आपल्याला बघून हसतो.

मग सुरू झालं. कल्पना सोपी. अ‍ॅक्रिलिकची पट्टी घ्यायची, तिच्या टोकाला एलईडी बसवायचा. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक १.४९, म्हणजे क्रिटिकल अँगल साधारण ४२ अंश. त्याहून तिरका पडलेला प्रकाश बाहेर पडत नाही, आतल्या आत उड्या मारत पुढे जातो. जिथे तुम्ही पट्टीवर ओरखडा काढता तिथे तो अडखळतो आणि बाहेर सांडतो. थोडक्यात, ओरखडाच उजळतो. बारावीला हे मी चार मार्कांसाठी पाठ केलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं ते काकांच्या गॅलरीत, रात्री अकरा वाजता, नंबर प्लेट आणि बोर्ड बनवणाऱ्याकडून आणलेल्या टाकाऊ तुकड्यावर.

नक्षी कुठली? आजीने बसल्या जागी सुचवलं, ‘‘गोपद्मं काढ. सोपी असतात.’’ मला गोपद्मं म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. कॉन्व्हेंट! तिने बोटाने ताटातल्या पिठावर काढून दाखवली, गाईच्या पावलांची रांग. चारही दारांवर, हँडलकडे चालत जाणारी गोपद्मं. अंधारात हात कुठे न्यायचा ते पावलंच सांगतील.

रंगावरून वाद झाला. मला निळा हवा होता. निळ्या एलईडीचा इतिहासही भारी आहे. जपानमध्ये नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी जगासमोर आणला आणि २०१४ मध्ये आकासाकी आणि अमानो यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. पण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला निळा प्रकाश जास्त खटकतो, तांबूस-पिवळा कमी. शिवाय पुढच्या काचेत प्रतिबिंब पडलं तर रस्त्याऐवजी तेच दिसत राहतं. चालवणार काका, मिरवणार मी, असं कसं चालेल? अंबर एलईडी ठरले. लॅमिंग्टन रोडवरून आणले, चोवीस.

आता थोडा हिशेब. अंबर एलईडीला साधारण २.१ व्होल्ट लागतात. चार एका ओळीत घेतले तर ८.४. गाडी चालू असताना बॅटरीवर १२ नाही, १४.४ पर्यंत व्होल्ट येतात. उरले ६ व्होल्ट. २० मिलिअँपिअरसाठी ३०० ओहमचा रेझिस्टर. अशा सहा ओळी, सगळं मिळून ०.१२ अँपिअर, दोन वॉटही नाही. हिशेब वहीत इतका सुंदर दिसत होता की मी फ्यूजच लावला नाही. एवढ्याशा करंटला फ्यूज कशाला?

इथेच हात पोळला. दार उघड-बंद होताना बिजागरीपाशी वायर पत्र्याला घासत होती. चौथ्या दिवशी तिचं प्लॅस्टिक कापलं गेलं आणि तार बॉडीला टेकली. माझे दिवे ०.१२ अँपिअर घेतात हे बॅटरीला कोण सांगणार? तिने द्यायचा तेवढा करंट दिला. वायर लाल झाली, धूर निघाला, मी मूर्खासारखी ती हाताने ओढायला गेले. काकांनी बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह काढली. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘फ्यूज दिव्यासाठी नसतो बाळा, वायरसाठी असतो.’’ हे वाक्य कुठल्याही टेक्स्टबुकात एवढ्या थोडक्यात मला सापडलेलं नाही.

मग शहाडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. शिक्षण किती ते मी विचारलं नाही. त्याने पाच मिनिटांत तीन गोष्टी सांगितल्या. बॅटरीजवळच एक अँपिअरचा काचेचा फ्यूज टाका, पत्र्याच्या भोकात रबर बसवा, आणि ‘‘ताई, दाराजवळ वायर ताणून नका ठेवू, थोडी ढील द्या.’’ तिन्ही बरोबर. मी वहीत उतरवून घेतलं. तो हसला, म्हणाला, ‘‘हे लिहून घेणारी तुम्ही पहिलीच.’’

शेवटचा मुद्दा कायद्याचा आणि मनाचाही. मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल गाडीत करायचे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठासून सांगितलं. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात जपलेली हवी. काकांची गाडी २०३६ मध्ये पन्नाशीची होईल. तोवर मी तिला भोकं पाडून ठेवली तर? म्हणून मूळ डोअर पॅड काढून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवले. त्यांच्या मापाने हार्डबोर्डचे नवे कापले, वर रेक्झिन लावलं, पट्ट्या त्यात बसवल्या. पत्र्याला एकही नवं भोक नाही. अर्ध्या दिवसात गाडी होती तशी होईल.

तर माझं म्हणणं असं. गाडीत दिवे लावणं चीप नाही आणि भारीही नाही. लावण्याआधी तीन प्रश्न विचारा. चालवणाऱ्याला त्याने बरं दिसेल की वाईट? वायर जळली तर ती कुठे तुटेल? आणि उद्या हे सगळं काढता येईल का? तिन्हींची उत्तरं असतील तर खुशाल लावा, रिक्षात लावा नाहीतर पद्मिनीत. नसतील तर लाखाची गाडीसुद्धा माझ्या पहिल्या वायरिंगसारखीच, दिसायला छान आणि आतून बिनफ्यूजची.

आणि सरांना, मॅडमना एक विनंती. आपल्याकडे वर्कशॉप फर्स्ट इयरला होतं, जॉब सबमिट केला की संपलं. फायनल इयरचं प्रोजेक्ट बरेच जण बाहेरून विकत आणतात, हे गुपित राहिलेलं नाही. शनिवारी दुपारी वर्कशॉपचं एक टेबल उघडं ठेवा. घरातली बिघडलेली, बनवायची राहिलेली कुठलीही वस्तू आणायची परवानगी द्या. मार्क नकोत. बिघडवायची मोकळीक आणि फ्यूज कुठे लावायचा ते सांगणारं एक माणूस, एवढंच हवं. सगळ्यांना काका नसतात.

दिवाळीत काकांनी मला रात्री टिटवाळ्याला नेलं. परत येताना न चाचपडता त्यांनी काच खाली केली. काकू मागे बसली होती. विकायचं कोणी काढलं नाही.

घरातला पंखा मात्र अजून तसाच आहे. पुढच्या सुट्टीत बघते.