पतंग अडकला झाडावर
संक्रांतीला येवल्यात निम्मे पतंग झाडांनाच लागतात आणि खाली एखादं पोरगं चप्पल काढून तयार असतं. झाड चिंचेचं असेल तर ठीक, तिची फांदी चिवट. शेवगा मात्र कडकन मोडतो; जांभळाचाही भरवसा नाही. नवख्याने पाऊल खोडाला लागूनच टेकवावं आणि हातापायांपैकी तिघांची पकड बसल्याशिवाय चौथा हलवू नये. साल सुटलेली फांदी वाळकी. तिच्या वाटेला जाऊ नये. शेजारून विजेची तार गेली असेल तर विषयच संपला, पतंग सोडून द्यायचा. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी, तरी फांद्यांत गुंतलेला तोच सापडतो, नि बोट कापतो. खरं तर आकडी बांधलेला बांबू असताना चढायचंच कशाला? पण हे त्या पोराला कोण सांगणार!