प्रतिनिधि निवडावे कोणीं?

राजकीय पक्षांच्या घटना वाचण्याची हौस आपल्याकडे फार थोड्यांस असते. व्यापाऱ्यास आपल्या वहीखात्यांतून सवड नसते, शेतकऱ्यास धानाच्या हंगामांतून नसते. आणि ज्यांस सवड असते त्यांपैकीं पुष्कळांस तीं कलमें इतरांनीं वाचूं नयेत असेंच वाटत असतें. परंतु आपल्या भंडारा जिल्ह्यांतून विधानसभेसाठीं कोण उभा राहणार, पक्षाचा जिल्हाध्यक्ष कोण होणार, आणि पक्ष फुटलाच तर त्याचें नांव व निशाणी कोणाकडे जाणार, हे तिन्ही प्रश्न शेवटीं एकाच ठिकाणीं येऊन थांबतात. पक्षाचे प्रतिनिधि कोणीं निवडले व कोणत्या यादीवरून निवडले, हें तें ठिकाण होय. ज्यानें यादी केली त्यानें निवडणूक अगोदरच केलेली असते, असें आमचें म्हणणें आहे. आणि त्यास आधार जुन्या इतिहासांत व अलीकडच्या घडामोडींत सारखाच सांपडतो.

हा वाद आपल्या शेजारींच एकदां पेटला होता. १९०७ सालची राष्ट्रसभा नागपुरास भरावयाची होती. अध्यक्ष कोणास करावें यावरून स्वागत-मंडळांत जहाल व मवाळ यांचें जमेना, म्हणून ती सुरतेस नेण्यांत आली. आणि तेथें डिसेंबरांत ती कशी मोडली हें सर्वश्रुत आहे. तोंपर्यंत प्रतिनिधि होण्यास फारसे निर्बंध नव्हते. एखाद्या गांवीं जाहीर सभा भरवावी, तींत कांहीं नांवें मंजूर करून घ्यावीं, कीं ते गृहस्थ प्रतिनिधि झाले. सुरतेनंतर १९०८ च्या एप्रिलांत अलाहाबादेस जी घटना तयार झाली तिनें ही ढिलाई काढली खरी. पण ढिलाई काढतां काढतां दारच लावून घेतलें. प्रतिनिधि निवडण्याचा अधिकार प्रांतिक व जिल्हा समित्या आणि त्यांनीं मान्य केलेल्या संस्था यांजकडे राहिला, व प्रत्येक प्रतिनिधीनें राष्ट्रसभेच्या ध्येयास लेखी संमति देण्याची अट पडली. समित्या मवाळांच्या हातीं होत्या. त्यामुळें टिळकपक्षास बाहेर ठेवण्यासाठीं कोणाचेंहि नांव घेऊन ठराव करावा लागला नाहीं. तें काम नियमानेंच केलें.

हें दार उघडलें तेंहि नियमानेंच. लोकमान्य १९१४ सालीं मंडालेहून सुटून आल्यावर त्यांच्या अनुयायांनीं राष्ट्रसभेंत परत जाण्याची खटपट चालविली, व १९१५ च्या मुंबईच्या अधिवेशनांत घटनेस दुरुस्ती झाली. सनदशीर मार्गानें साम्राज्यांतर्गत स्वराज्य मिळविणें हा ज्यांचा हेतु आहे व ज्यांस दोन वर्षें झालीं आहेत अशा संस्थांच्या विद्यमानें भरलेल्या जाहीर सभांसहि प्रतिनिधि निवडण्याची मुभा मिळाली. पुढच्या वर्षीं बेळगांवच्या प्रांतिक परिषदेंत टिळकपक्षानें परत जाण्याचें ठरविलें, आणि डिसेंबर १९१६ मध्यें लखनौस दोन्ही पक्ष एका मंडपांत बसले. नऊ वर्षांची फूट मिटण्यास इतरहि कारणें झालीं. परंतु प्रतिनिधि कोणीं निवडावा या कलमांत बदल झाला नसता तर तीं सर्व कारणें दाराबाहेरच उभीं राहिलीं असतीं.

पुढें १९२० च्या डिसेंबरांत राष्ट्रसभा नागपुरास भरली. तिला चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधि आले. एवढा जमाव जयघोष करूं शकतो, विचार करूं शकत नाहीं. महात्मा गांधी, न. चिं. केळकर प्रभृतींनीं सिद्ध केलेली नवी घटना या अधिवेशनांत मंजूर झाली. तिच्या अन्वयें पन्नास हजार लोकवस्तीस एक प्रतिनिधि असें प्रमाण ठरलें. वर्षाचे चार आणे देणारा एकवीस वर्षांचा कोणीहि इसम सभासद होऊं लागला. आणि प्रांतांची वांटणी भाषेप्रमाणें झाली. मराठी मध्यप्रांताची स्वतंत्र समिति नागपुरास आली व भंडारा तिच्या हद्दींत पडला. तुमसरचा धानाचा व्यापारी व पवनीचा विणकर यांस चार आण्यांत सारखाच हक्क मिळाला, निदान कागदावर तरी.

कागदावर असें म्हणण्याचें कारण उघड आहे. प्रमाण ठरलें तरी यादी खरी आहे कीं नाहीं हा प्रश्न उरतोच. १९३४ सालीं मुंबईस प्रतिनिधींची संख्या दोन हजारांवर जाऊं नये असें ठरलें, व त्यांतील १,४८९ पर्यंत खेड्यांकडे व ५११ पर्यंत शहरांकडे अशी वांटणी झाली. हा सुधार योग्यच होता. तथापि १९३९ च्या जानेवारींत प्रतिनिधींनीं १,५८० मतांनीं सुभाषबाबूंस निवडून दिल्यावर महात्माजींनीं जें पत्रक काढलें त्यांत, काँग्रेसच्या दफ्तरांत खोट्या सभासदांची भरती फार झाली आहे, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. तें कोणाच्या सोयीचें होतें व कोणाच्या नव्हतें या वादांत आम्ही शिरत नाहीं. चार आणे दुसऱ्यानेंच भरून नांवें चढविण्याचा रोग तेव्हांहि होता, इतकेंच येथें पाहावयाचें.

आतां आजची स्थिति पाहूं. काँग्रेसच्या घटनेंतील पायऱ्या अशा आहेत: पांच रुपये भरून प्राथमिक सभासद व्हावें, सभासदांनीं खालच्या समित्या निवडाव्या, प्रत्येक ब्लॉकनें एक प्रतिनिधि प्रदेश समितीवर पाठवावा, प्रदेश समितीनें आपल्या सभासदांतून एक-षष्ठांश लोक प्रमाणशीर पद्धतीनें महासमितीवर निवडावे, आणि पक्षाचा अध्यक्ष या प्रदेश समित्यांच्या प्रतिनिधींनीं निवडावा. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर या सात तालुक्यांतील सामान्य सभासदाचा आवाज दिल्लीस पोंचावयाचा तो याच वाटेनें. वाट चांगली आहे. पण तिच्यावरून वर्दळ फारशी दिसत नाहीं.

२०२२ च्या ऑक्टोबरांत बावीस वर्षांनंतर प्रथमच अध्यक्षपदासाठीं मतदान झालें. ९,३८५ मतें पडलीं, त्यांपैकीं श्री. मल्लिकार्जुन खर्गे यांस ७,८९७ व श्री. शशी थरूर यांस १,०७२ मिळालीं, आणि ४१६ बाद झालीं. एखाद्या मोठ्या पक्षानें उघड लढत होऊं दिली, हें निःसंशय अभिनंदनीय आहे. परंतु हे नऊ हजार मतदार कोण, हें विचारण्यासाठीं मतदानापूर्वीं पांच खासदारांस निवडणूक-अधिकाऱ्यांस पत्र लिहावें लागलें. तेव्हां यादी कचेरींत येऊन पाहण्याची सोय झाली, आणि यादी हातीं आल्यावरहि अनेकांचा ठावठिकाणा तींत नाहीं अशी तक्रार थरूर यांनीं केली. खासदारांची ही गत, तर लाखांदूरच्या पांच रुपयांच्या सभासदाची काय कथा! त्याच सुमारास अनेक प्रदेश समित्यांनीं, प्रदेशाध्यक्ष व महासमितीचे सभासद नेमण्याचा अधिकार पक्षाध्यक्षांस देण्यांत येत आहे, असे एका ओळीचे ठराव केले. २०२३ च्या फेब्रुवारींत रायपुरास कार्यकारिणीची निवडणूकहि न घेतां ती नेमण्याचा अधिकार अध्यक्षांस दिला गेला. १९९७ च्या कलकत्ता अधिवेशनानंतर ती निवडणूक झालेलीच नाहीं. प्रदेशाध्यक्षपदीं चार वर्षें आपल्याच जिल्ह्यांतील साकोलीचे आमदार श्री. नाना पटोले होते. ते आले दिल्लीच्या नेमणुकीनें, व २०२५ च्या फेब्रुवारींत त्यांच्या जागीं श्री. हर्षवर्धन सपकाळ आले तेहि दिल्लीच्या नेमणुकीनेंच. व्यक्तींबद्दल आमचें कांहींच म्हणणें नाहीं. प्रश्न पद्धतीचा आहे.

हा दोष एकाच पक्षाचा आहे असें कोणी समजूं नये. भारतीय जनता पक्षाच्या घटनेंतहि मंडलापासून राष्ट्रीय परिषदेपर्यंत निवडणुकीच्या पायऱ्या आहेत, आणि अध्यक्षासाठीं प्रदेश व राष्ट्रीय परिषदांच्या सभासदांचा मतदारसंघ आहे. तरी अध्यक्षपदासाठीं प्रत्यक्ष मतें मोजण्याचा प्रसंग तेथें आला नाहीं. प्रादेशिक पक्षांची गोष्ट तर याहून सोपी आहे. तेथें घटना बहुधा पुढाऱ्याच्या खिशांत असते.

कोणी म्हणेल, हा त्या त्या पक्षाच्या घरचा प्रश्न. आम्हां मतदारांस त्याचें काय? त्यास गेल्या कांहीं वर्षांतील महाराष्ट्राचें उदाहरण पुरे आहे. पक्ष फुटल्यास खरा पक्ष कोणता हें ठरविण्याची कसोटी १९७१ च्या सादिक अली खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें मान्य केली. त्या वेळीं काँग्रेसच्या दोन गटांपैकीं कोणाकडे खासदार-आमदार अधिक हें जसें पाहिलें गेलें, तसेंच महासमितीचे सभासद व प्रतिनिधि कोणाकडे अधिक हेंहि मोजलें गेलें. म्हणजे संघटनेच्या यादीस तेव्हां किंमत होती. १७ फेब्रुवारी २०२३ रोजीं शिवसेनेच्या वादांत निवडणूक आयोगानें म्हटलें कीं, १९९९ सालीं आयोगाच्या आग्रहानें घातलेल्या लोकशाही तरतुदी २०१८ च्या घटनेंत राहिल्या नाहींत, सबब तिच्यावर विसंबतां येत नाहीं. ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं राष्ट्रवादी काँग्रेसच्या वादांत, दोन्ही गटांचे पदाधिकारी बहुतांशीं स्वतःच नेमलेल्या मतदारसंघाकडून आलेले आहेत, असा अभिप्राय आयोगानें दिला. दोन्ही वेळां संघटनेचें बहुमत बाजूस राहिलें व केवळ विधिमंडळांतील डोकीं मोजून नांव व निशाणी देण्यांत आली. दोन्ही वाद पुढें सर्वोच्च न्यायालयांत गेले.

या निकालांचा अर्थ आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. राष्ट्रवादीच्या फुटींतील एक प्रमुख पुढारी श्री. प्रफुल्ल पटेल हे याच भागांतून अनेक वेळां लोकसभेवर गेलेले. त्यामुळें ती फूट आपल्या गांवोगांवीं, कधीं कधीं एका घरांतहि झाली. पण वीस-पंचवीस वर्षें सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्यास, तूं कोणत्या बाजूस, असें त्या निवाड्यांत कोणीं विचारलें नाहीं. विचारावें तरी कोठें? त्याच्या मताची विश्वसनीय नोंदच नव्हती. पक्ष आमदारांचा ठरला, कारण मोजण्याजोगी यादी आमदारांचीच होती. नेमणुकीच्या पद्धतीनें पुढाऱ्याचें काम सोपें होतें. पण संकटाचे वेळीं तीच पद्धति पुढाऱ्यास व सभासदास दोघांसहि निराधार करते.

निवडणुका घेतल्या तर गट पडतील व पैसा चालेल, ही नेहमीची हरकत आहे. गट आज नाहींत काय? ते आहेतच, फक्त ते सभासदांपुढें न झगडतां मुंबई-दिल्लीच्या दिवाणखान्यांत झगडतात. आणि यादी करून निवडणूक घेणें आपल्या लोकांस साधत नाहीं म्हणावें, तर आपल्या जिल्ह्यांतील सेवा सहकारी संस्थांकडे पाहावें. २०१३ पासून राज्यांत सहकारी निवडणूक प्राधिकरण आहे. धान विकणाऱ्या शेतकऱ्याच्या संस्थेचीहि प्रारूप मतदार-यादी प्रसिद्ध होते, हरकती मागविल्या जातात, अंतिम यादी लागते, व मग गुप्त मतदान होतें. गैरप्रकार तेथेंहि होतात. पण ते पकडावयास यादी असते. कर्जाच्या पतपेढीस जी शिस्त लागते ती राज्य चालवूं पाहणाऱ्या पक्षास नको, हें कोणत्या न्यायाचें बोलणें?

परदेशांतील एक उदाहरणहि उपयुक्त आहे. अमेरिकेंत १९६४ सालीं मिसिसिपी संस्थानांतील कृष्णवर्णीयांस डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्थानिक सभांत शिरकाव नव्हता. तेव्हां त्यांनीं आपल्या सभा भरवून आपले प्रतिनिधि निवडले व ते अटलांटिक सिटीच्या अधिवेशनावर पाठविले. दोन जागांची भीक त्यांनीं नाकारली. १९६८ सालीं एकाहि प्राथमिक निवडणुकींत न उतरलेल्या गृहस्थास त्या पक्षाची उमेदवारी मिळाली, तेव्हां असंतोष इतका वाढला कीं पक्षास नियम बदलण्यासाठीं आयोग नेमावा लागला. नियम लेखी असावे, सभेची सूचना जाहीर द्यावी, निवड वेळेवर व्हावी, अशा साध्या गोष्टींवर त्या आयोगानें भर दिला, आणि १९७२ पर्यंत पक्षाची रीतच पालटली. पुढें १९८२ सालीं पुढाऱ्यांनीं आपल्यासाठीं खास प्रतिनिधींच्या जागा पुन्हां काढल्या, व २०१८ सालीं पहिल्या फेरींतील त्यांचें मत काढून घेण्यासाठीं सभासदांस पुन्हां झगडावें लागलें. तात्पर्य, हा हक्क एकदां मिळवून स्वस्थ बसण्याचा नाहीं.

आपल्याकडे सुधारणेची मागणी बहुधा वरूनच झाली. २०२० सालीं काँग्रेसच्या तेवीस पुढाऱ्यांनीं खालपासून वरपर्यंत निवडणुका घ्याव्या असें पत्र लिहिलें. २०२५ सालीं गुजरात, मध्यप्रदेश वगैरे प्रांतांत जिल्हाध्यक्ष नेमण्यापूर्वीं निरीक्षक जिल्ह्यांत फिरले व कार्यकर्त्यांस विचारून गेले. विचारपूस झाली हें चांगलें. पण विचारणें म्हणजे मत देणें नव्हे. कायद्याचें म्हणावें तर, लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याखालीं पक्षांची नोंदणी होते, मात्र पक्षांतर्गत निवडणुका घेण्याची सक्ति त्यांत नाहीं. तशी तरतूद करावी अशी शिफारस विधि आयोगानें १९९९ सालीं केली व २०१५ सालीं पुन्हां केली; ज्या पक्षांनीं ती मंजूर करावयाची त्यांसच ती नको आहे.

म्हणून आरंभ खालून झाला पाहिजे, आणि त्यास कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील कोणत्याहि पक्षाच्या सभासदांनीं आपल्या पक्षाकडे चार गोष्टी मागाव्या. वर्गणीची पावती ज्याची त्याच्या हातीं मिळावी. तालुक्याची सभासद-यादी निवडणुकीपूर्वीं महिनाभर तालुक्याच्याच कचेरींत लागावी व तिच्यावर हरकती घेतां याव्या. प्रतिनिधीची निवड ठरलेल्या दिवशीं, बाहेरच्या तालुक्यांतील अधिकाऱ्यासमोर, गुप्त मतदानानें व्हावी. आणि सर्व अधिकार वरिष्ठांस सोंपविणारा ठराव मांडला गेला तर निदान एकानें उठून त्यास विरोध नोंदवावा. यांतील एकहि मागणी क्रांतिकारक नाहीं. बहुतेक पक्षांच्या घटनेंत तीं तत्त्वें छापलेलींच आहेत. जें छापलें आहे तें पाळा, एवढेंच सांगावयाचें.

आमचा व्यापारी-वर्ग निवडणुकीचे वेळीं सर्व पक्षांस वर्गणी देतो व नंतर कोणासहि हिशेब विचारीत नाहीं. आपल्या मुनिमास जो प्रश्न तो रोज विचारतो, तोच त्यानें पक्षाच्या तालुकाध्यक्षास एकदां विचारावा: वही दाखवा. वही नसेल तर त्या पक्षांत आपलें मत कोठें मांडलें जाणार आहे, हें त्याचें त्यालाच समजून येईल.