मुंबई घडवली ती घाटाने

१८५३ साली १६ एप्रिलला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डबे आणि ४०० निमंत्रित घेऊन देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी ठाण्याला निघाली. २१ तोफांची सलामी झाली. दरवर्षी त्या सोहळ्याला उजाळा मिळतो, रेल्वेसाठी खटपट करणाऱ्या नाना शंकरशेटांचे स्मरण होते. ते व्हायलाच हवे. तरी ठाण्यापर्यंतच्या ३४ किलोमीटरांनी मुंबईचे नशीब पालटले असते असे आम्हाला वाटत नाही. ते पालटले पुण्याकडे रूळ नेण्यासाठी बोरघाट फुटला तेव्हा.

१८५६ ते १८६३ अशी सात वर्षे हा घाट खोदला जात होता. पहारीने कातळाला भोक पाडायचे, दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि उडालेला दगड टोपल्यांनी उपसायचा. ऐन भरात ४० हजारांवर मजूर तिथे राबत होते. पटकीने आणि तापाने त्यांतले हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेलही आल्या आल्या दगावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट तडीस नेले. तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे. मेलेल्या मजुरांपैकी एकाचेही नाही.

१८६५ मध्ये नाशिकच्या वाटेवरचा थळघाटही खुला झाला. बैलांच्या पाठीवरून धूळ खात, पावसात भिजत येणारा खानदेश-वऱ्हाडचा कापूस आता वाघिणींतून थेट बंदराला लागू लागला. परळ-लालबागला गिरण्यांची धुराडी उभी राहिली. गिरण्यांत राबायला माणसे मात्र आली ती मोठ्या संख्येने रत्नागिरीहून, गलबतांनी आणि आगबोटींनी. त्यांच्या मुलखात कापूस पिकत नव्हता आणि तिकडे रूळही गेले नाहीत. कोकण रेल्वे पुरी व्हायला १९९८ साल उजाडले!

शहराची आखणीही मालाच्याच सोयीने झाली. गोद्या, गुदामे, गिरण्या यांना जागा मिळाली. कामगार उरल्यासुरल्या जागेत, भोंगा ऐकू येईल अशा अंतरावर, एकेका खोलीत दाटीने राहिला. १८९६ च्या प्लेगने त्या खोल्यांत थैमान घातले, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला.

आज मुंबईत मेट्रोचे नवे मार्ग होत आहेत आणि स्थानकांभोवतीच्या जमिनींचे भाव चढत आहेत. कामगाराच्या घराचा विचार शेवटी करण्याची जुनी चूक पुन्हा नको असेल, तर त्या परिसरात राबणाऱ्यांच्या घरांसाठी किती जमीन राखायची, हे मार्ग आखतानाच ठरवून जाहीर केले पाहिजे.