खांदा ‘बसला’ म्हणजे बरा झाला, असं नाही!

गेल्या महिन्यात २२ वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर दवाखान्यात आला. तक्रार साधी, तीन दिवसांचा ताप आणि खोकला. छाती तपासायला मी त्याला शर्ट काढायला सांगितला, तेव्हा त्याने उजवा हात अंगाला चिकटवून धरला आणि डाव्या हाताने कसाबसा शर्ट ओढून काढला.

“उजव्या हाताला काय झालंय रे?”

“काही नाही डॉक्टर, खांदा उतरतो कधी कधी.”

खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं. पहिल्यांदा खांदा उतरला तो १७ व्या वर्षी, कबड्डी खेळताना. गावात हाडं बसवणाऱ्याने ओढून बसवला. मग व्हॉलीबॉल खेळताना उतरला, मग मोटारसायकल ढकलताना. आता झोपेत कूस बदलली तरी उतरतो. दहा-बारा वेळा तरी झालं असेल. वडील हसत म्हणाले, “आता त्याचा तोच बसवतो, डॉक्टर. कुणाकडे जावंच लागत नाही!”

या एका वाक्यासाठी आजचा लेख लिहितोय. कारण हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतोय आणि प्रत्येक वेळी ते कौतुकाने सांगितलं जातं. मंडळी, खांदा सहज बसतो याचा अर्थ तो सहज निखळतो. आणि सहज निखळतो, कारण त्याला धरून ठेवणारं आत फारसं काही उरलेलं नाही.

आत नेमकं काय होतं?

खांद्याचा सांधा म्हणजे एक मोठा गोळा आणि त्याच्यापुढे एक छोटी, उथळ वाटी. वाटी उथळ आहे म्हणूनच आपला हात चहूबाजूंनी फिरतो. गोळा घसरू नये म्हणून वाटीच्या काठाला कूर्चेची एक कड असते, तिला ‘लॅब्रम’ म्हणतात. तिच्या जोडीला अस्थिबंध आणि स्नायू असतात.

जोराचा झटका बसून गोळा पुढच्या बाजूला निसटतो, तेव्हा ही कड वाटीपासून फाटून सुटते. ब्लंडेल बँकार्ट या इंग्लिश सर्जनने १९२३ मध्ये हीच इजा वारंवार खांदा निखळण्याचं मूळ कारण म्हणून मांडली. गोळा जागेवर बसवला म्हणून फाटलेली कड जागेवर चिकटतेच असं नाही. तरुणांमध्ये ती बहुतेकदा चिकटत नाही. म्हणूनच विशीच्या आत पहिल्यांदा खांदा निखळलेल्या निम्म्याहून अधिक मुलांचा खांदा पुन्हा निखळतो.

पुढचा भाग कुणी सांगत नाही. प्रत्येक वेळी गोळा बाहेर येताना वाटीच्या काठावर आपटतो. गोळ्याला मागून खड्डा पडतो आणि वाटीची पुढची कड झिजते. काठ फुटलेल्या बशीत गोटी ठेवून बघा, जरा हललं की घरंगळते. तसंच हे. फाटलेली कड शिवता येते, झिजलेलं हाड शिवता येत नाही.

आपल्या सबबी

“व्यायामाने बरा होईल.” व्यायाम हवाच. काही मुलामुलींचे सगळेच सांधे जन्मतः सैल असतात आणि मोठी इजा न होताच त्यांचा खांदा सरकतो. तिथे फिजिओथेरपी हाच पहिला उपचार. पण झटक्याने फाटलेली कड कितीही जोर काढले तरी परत चिकटणार नाही.

“ऑपरेशन केलं की हात आखडतो.” ही भीती हवेतून आलेली नाही. पूर्वीच्या काही शस्त्रक्रियांत सांध्याची पुढची बाजू मुद्दाम आवळून टाकत. खांदा निखळायचा थांबे, पण हात बाहेरच्या बाजूला पूर्ण फिरत नसे. आज बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून छोटे अँकर बसवून फाटलेली कड मूळ जागी शिवतात. थोडा आखडलेपणा, जंतुसंसर्ग, क्वचित नसेला इजा हे धोके आजही आहेत, आणि खांदा पुन्हा कधीच निखळणार नाही अशी हमी कुणी देऊ नये. पण दर महिन्याला खांदा उतरवत राहणं हा काही बिनधोक पर्याय नाही. विहिरीत पोहताना किंवा गाडी चालवताना खांदा निखळला तर काय होईल?

“जमेल तसं जपून राहील.” बावीस वर्षांच्या मुलाने आयुष्यभर हात डोक्यावर न्यायचा नाही, याला जपणं म्हणतात?

हिपोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावावरच्या ग्रंथांत, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, वारंवार निखळणाऱ्या खांद्यासाठी काखेत तापवलेल्या सळईने डाग देण्याचा उपचार आहे. उपचार अघोरीच. पण नुसतं बसवून भागत नाही, हे त्यांनाही कळलं होतं!

चूक आम्हा डॉक्टरांचीही

हाडं बसवणाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण काही वर्षांपूर्वी तिसऱ्यांदा खांदा उतरलेल्या एका कॉलेजच्या मुलाला मी स्वतः वेदनाशामक गोळ्या आणि हाताची झोळी देऊन “जप हं” म्हणून घरी पाठवलं. अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा, असं सांगितलं नाही. चार वर्षांनी तो परत आला तेव्हा वाटीचं हाड इतकं झिजलं होतं की नुसतं शिवून भागणार नव्हतं. त्याला ‘लाटार्जे’ नावाची शस्त्रक्रिया करावी लागली. १९५४ मध्ये एका फ्रेंच सर्जनने वर्णन केलेल्या या पद्धतीत खांद्याच्या पुढचं चोचीसारखं हाड कापून, स्क्रूने वाटीच्या झिजलेल्या काठावर बसवतात. शस्त्रक्रिया चांगली आहे, त्याचा खांदा आज ठीक आहे. पण वेळीच पाठवलं असतं तर बहुधा छोट्या शस्त्रक्रियेत काम झालं असतं. ही चूक माझी.

दुसऱ्या टोकाची चूकही बघतो. हाड किती झिजलंय हे न मोजताच “दुर्बिणीतून करून टाकू” म्हणणारे आहेत. असा खांदा काही महिन्यांत पुन्हा निखळतो आणि दोष पेशंटच्या नशिबाला! फिट्स येणाऱ्या रुग्णाच्या फिट्स आटोक्यात न आणता खांदा शिवणंही तसंच व्यर्थ.

मग करायचं काय?

१. पहिल्यांदा खांदा निखळला तर कुणालाही ओढू देऊ नका. हात आहे तसा आधार देऊन दवाखान्यात न्या. आधी एक्स-रे, मग भूल किंवा गुंगी देऊन बसवणं, मग पुन्हा एक्स-रे. सोबत हाड मोडलेलं असू शकतं, नस दबलेली असू शकते.

२. वय पंचविशीच्या आत असेल किंवा खेळ अंगाला झोंबण्याचा असेल, तर पहिल्या वेळेनंतरच खांद्याच्या तज्ज्ञाला दाखवा. दुसऱ्यांदा निखळला तर टाळूच नका.

३. चाळिशीनंतर पुन्हा निखळण्याची शक्यता कमी, पण स्नायूंचे कंडरे फाटण्याची जास्त. दोन-तीन आठवड्यांनी हात वर उचलता येत नसेल तर तपासणी हवीच.

४. सर्जनला थेट विचारा: कड फाटली आहे का? हाड किती झिजलंय, आणि ते सीटी स्कॅनवर मोजलंय का? माझ्यासाठी हीच शस्त्रक्रिया का?

५. शस्त्रक्रियेनंतर साधारण तीन ते सहा आठवडे झोळी, मग काही महिने फिजिओथेरपी आणि झोंबाझोंबीचे खेळ साधारण सहा महिन्यांनी. फिजिओथेरपी बुडवायची असेल तर शस्त्रक्रियाही करू नका.

तो मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. मैदानी चाचणीत गोळाफेक असते. “ऑपरेशनचा डाग दिसला तर मेडिकलला काढतील,” ही वडिलांची भीती. मी म्हटलं, “डागाचं काय ते भरतीवाले डॉक्टर ठरवतील. पण गोळा फेकतानाच खांदा उतरला तर मेडिकलपर्यंत पोहोचणार तरी कसा?”

वडील पहिल्यांदाच गप्प झाले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन दोघं तज्ज्ञाकडे गेले. सीटी स्कॅनमध्ये झीज दिसली, पण कड शिवून भागेल इतपतच.

तुमच्या घरात कुणी ‘आपला खांदा आपणच बसवतो’ असं कौतुकाने सांगत असेल, तर त्याला या आठवड्यातच घेऊन जा.