‘ते आमचे कामगार नाहीत’

ऊसतोडीला ‘आधुनिक गुलामगिरी’ म्हणणाऱ्यांवर साखर धंद्यातल्या एका जाणत्या गृहस्थांनी नुकतीच लेखणी उगारली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मजूर टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, राजीखुशीनं घेतो. उचल म्हणजे गरिबाला मिळालेली बिनव्याजी मदत. उलट मजूरच उचल बुडवून पळतात आणि मुकादम देशोधडीला लागतात. कारखाना या मजुरांचा मालक नाही, तो फक्त ऊस विकत घेतो. त्या कारखान्याची साखर घेणाऱ्या कंपनीनं थेट फडापर्यंत जाऊन पाहावं, हे तर परदेशी फॅड. ते रुजलं तर गाळप बंद पडेल आणि हाच मजूर उपाशी मरेल.

परदेशी फॅडाचं आधी उरकतो. ब्रिटनचा आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा २०१५चा. आपला वेठबिगार निर्मूलन कायदा १९७६चा, आणि वेठबिगारीला मनाई करणारं संविधानाचं २३वं कलम त्याहूनही जुनं. ब्रिटिश कायदा तर मोठ्या कंपन्यांकडून वर्षाला एक निवेदन मागतो, आणि ‘आम्ही काहीच पावलं उचलली नाहीत’ एवढं लिहिलं तरी त्याची पूर्तता होते. आपला कायदा वेठबिगारीचं कर्जच रद्द करतो आणि ते कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याचा बोजा सावकारावर टाकतो. तेव्हा कडक कायदा हवा असेल तर विलायतेला जायला नको.

बिनव्याजी मदतीचंही तेच. त्या कायद्यातल्या व्याख्येत ‘व्याज असल्यास’ असे शब्द आहेत. म्हणजे व्याज नसलं तरी वेठबिगारी असू शकते. प्रश्न एवढाच, की आगाऊ रकमेपोटी माणसाची दुसरीकडे काम करण्याची आणि हवं तिकडे जाण्याची मोकळीक गेली का? उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, हंगाम संपताना अंगावर बाकी निघते आणि त्या बाकीपोटी पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत जावं लागतं. राजीखुशीबद्दल सर्वोच्च न्यायालय १९८२ मध्येच बोललं आहे : भुकेपोटी किमान वेतनाहून कमी पैशात राबणं हीसुद्धा सक्तीच.

काही मजूर दोन मुकादमांकडून उचल घेतात, हे खरं. मुकादमांची घरं बुडाली आहेत, हेही खरं. पण बुडालेलं कर्ज वसूल करायला दिवाणी न्यायालय आहे. मजुराला किंवा त्याच्या घरच्यांना डांबून ठेवणं हा वसुलीचा मार्ग नव्हे, आणि तशा बातम्या वर्तमानपत्रांत येत राहतात.

आता ज्या वाक्यानं मला खरा संताप येतो ते वाक्य : कारखाना मालक नाही. बीडचा किंवा जालन्याचा एक कोयता घ्या. कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. या जोडप्याच्या हातात पडणारी उचल मुकादमाकडून येते, मुकादमाकडे ती वाहतूक कंत्राटदाराकडून येते आणि कंत्राटदाराला हंगामाआधी आगाऊ रक्कम देतो कारखाना. कोणत्या गटातला कोणता ऊस कधी तुटणार हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो. तोडीची चिठ्ठी त्याचीच, ती फडावर देणारा चिटबॉयही त्याचाच. रात्री दोनला गाडी भरायची म्हटल्यावर थंडीत कोपीतून उठायचं ते त्याच्याच ऊस टाकायच्या गव्हाणीला खंड पडू नये म्हणून. तोडलेला ऊस मोजला जातो त्याच्या काट्यावर. तोडणी-वाहतुकीचा खर्च तो शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापून घेतो, म्हणजे या मजुरीचा पैसा त्याच्याच हिशेबातून फिरतो. आणि दर? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. ती बोलणी मजुरांच्या संघटनांशी कोणी केली? साखर कारखान्यांच्याच प्रतिनिधींनी. जो मालक नाही तो मजुरीच्या करारावर सही करायला बसतो कशाला? दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. त्या पैशात बाईची मजुरी वेगळी धरलेली नाही; बहुतेकदा तिचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. एवढा सगळा ताबा ठेवायचा आणि सापानं डंख मारला, बाई फडात बाळंत झाली, की मात्र ‘ते आमचे कामगार नाहीत’!

‘राजीखुशी’ची ही भाषा आम्ही आधीही ऐकली आहे. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या सर्वेक्षणात १३ हजारांवर शस्त्रक्रिया आढळल्या. तेव्हाही उत्तर हेच होतं : बायका स्वतःहून करून घेतात. एका दिवसाच्या खाड्याला दंड, तळावर ना संडास ना पाणी, पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी. त्यात डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली तर बाई ‘स्वतःहून’ दुसरं काय करणार होती?

उपाशी मरण्याबद्दल एकच सांगतो. मजुराची बाजू घेणारा कुठलाही कायदा आला की मजुराच्या पोटाची काळजी मालकालाच आधी वाटते.

साखर घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं काय? २०२४ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्रानं महाराष्ट्रातल्या फडापासून जगप्रसिद्ध शीतपेयांपर्यंतचा माग काढून दाखवला. म्हणजे माग निघतो. या कंपन्यांचे तपासनीस कारखान्याच्या गव्हाणीपाशी थांबले तर त्यांना यंत्रं दिसतील, माणसं दिसणार नाहीत. त्यांनी न कळवता, हंगामात, मजुरांच्या तळावर जावं आणि बायकांशी मुकादमाच्या गैरहजेरीत बोलावं. कंपन्यांनी आपण कोणाची साखर घेतो ती यादी जाहीर करावी. कारखान्यांनी नवरा आणि बायको दोघांची स्वतंत्र नोंद करावी, पैसे ज्याचे त्याच्या खात्यात टाकावेत, काट्याची पावती मजुराच्या हातात द्यावी. उचल द्यायची तर द्या. पण हंगामाच्या अखेरीस उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या श्रमावर चढवायची नाही. याचा खर्च साखरेच्या खरेदी दरात धरावा लागेल, आणि तो कंपनीनंच सोसावा, शेतकऱ्याच्या बिलातून कापू नये.

गृहस्थांना हे अशक्य वाटतं. उसाचं टनेज, उतारा, गाडीची खेप यांचा रोजच्या रोज हिशेब ठेवणाऱ्या कारखान्यांना या हंगामात बीडहून आलेल्या बायकांची नावं लिहून घेणं अशक्य आहे, हे त्यांनी एकदा त्या बायकांसमोर उभं राहून सांगावं.